संकरित की जातिवंत? गाय घेताना रंगावर जाऊ नका



उसाच्या जोडीला दुधाचा धंदा हवा म्हणून हिमायतनगर भागातली आपली पुष्कळ मंडळी गाय बघायला निघतात. बाजारात पहिली नजर रंगावर जाते आणि तिथंच घोळ होतो. काळी-पांढरी दिसली की होल्स्टीनची, तांबडी दिसली की लाल कंधारी, असं म्हणून सौदा ठरतो. पण आपल्या देवणीतल्या शेवरा प्रकाराच्या अंगावरही काळे-पांढरे पट्टे असतात, आणि जर्सीच्या संकरातली गायही तांबूसच असते!

म्हणून आमचं म्हणणं, आधी खांदा बघावा. देवणी व लाल कंधारीला वशिंड असते. होल्स्टीन आणि जर्सीला ते मुळातच नाही. त्यामुळे पहिल्या संकराच्या गाईला नुसता उंचवटा उरतो, विदेशी रक्त वाढले की पाठ सपाट. गळ्याखालची पोळीही तशीच आटत जाते. आपल्या दोन्ही जातींचे कान लांब, लोंबते. संकरितचे आखूड आणि आडवे. कपाळ आपल्याकडच्या गाईचे किंचित फुगीर, जर्सीकडे झुकलेलीचे खोलगट.

कासेत मात्र संकरित गाय सरस, हे मान्य करावेच लागते. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बायफ संस्था काढली, ती याच गाईसाठी गावोगाव पोचली. लाल कंधारी एका वेताला साधारण ६०० लिटर देते. नीट सांभाळलेली संकरित गाय २००० च्या पुढे जाते, आणि पहिल्यांदा वितेही लवकर.

पण सैल कातडी आणि पोळी ही उन्हाची सोय आहे. मे महिन्यात संकरित गाय धापा टाकते, गोचिडाचा तापही तिला लवकर धरतो. सावली, पाणी आणि हिरवा चारा नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. शिवाय गोऱ्हा झाला तर? वशिंड नसलेल्या खांद्यावर जू नीट बसत नाही. ऊस ओढायला देवणी नाहीतर लाल कंधारीचाच बैल लागतो.

दोन्ही जाती शेजारीशेजारी पाहायच्या तर लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा गाठावी. घरी दाट लाल, जातिवंत कंधारी असेल तर तिला त्याच जातीच्या वळूचे रेत मागावे. रेत कोणते भरले ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. कालवड विकताना गिऱ्हाईक तेच आधी विचारतं.