काठीची सावली आणि सराव पाठ

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत सराव पाठ पाहण्याचा योग आम्हाला आला. वर्ग चौथीचा, पाठ सूर्य आणि सावल्यांचा. छात्राध्यापिकेने तयारी मनापासून केली होती. निळ्या कार्डशीटवर कमानीसारखी खाच कापून तीत पिवळा सूर्य सरकवण्याची सोय केली होती; खाली एक मुलगा आणि त्याच्या तीन काळ्या सावल्या. सूर्य कमानीच्या माथ्यावर नेऊन तिने सांगितले, "दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते." खिडकीशी बसलेली एक मुलगी बाहेर बघत म्हणाली, "बाई, झेंड्याच्या खांबाची सावली तर लांब पडलीया." घड्याळात बाराला पाच मिनिटे कमी होती. बाई क्षणभर अडखळल्या, मग म्हणाल्या, "तू इकडे तक्त्याकडे बघ." मुलगी तक्त्याकडे बघू लागली. पाठ वेळेत संपला. निरीक्षण पत्रकात 'शैक्षणिक साधनांचा वापर' या मुद्द्यापुढे शेरा पडला: उत्तम.

आम्हीही मागच्या बाकावर गप्पच बसलो होतो. खरे सांगायचे तर ती सावली किती लांब असायला हवी, हे आम्हालाही त्या क्षणी झटकन सांगता आले नसते. घरी येऊन आकडेमोड केली. जानेवारीच्या मध्यास त्या वेळी पाच मीटर उंचीच्या खांबाची सावली चार मीटरांहून अधिक लांब पडते. म्हणजे मुलीचे बरोबर होते, तक्ता चुकला होता, आणि उत्तम शेरा तक्त्याला मिळाला होता.

मराठीत आपण भर दुपारला 'सूर्य डोक्यावर आला' असे म्हणतोच, त्यामुळे हे वाक्य कोणालाच खटकत नाही. प्रत्यक्षात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या गावांत, आणि तोही वर्षातून फक्त दोन दिवस. सातारा शहराचे अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, तेवढीच होते तेव्हा साताऱ्यात मध्यान्ही सावली नाहीशी होते. हे घडते १० मेच्या आसपास आणि पुन्हा २ ऑगस्टच्या सुमारास. सांगली थोडी दक्षिणेला, सुमारे १६.८५ अंशांवर, तिथे ते दिवस ७ मे आणि ५ ऑगस्टच्या आसपास येतात. गंमत अशी, की मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला आभाळ भरलेले असते. जे आमच्या मुलांना शाळेत बसून जवळजवळ कधीच दिसू शकत नाही, ते तक्त्यावर रोजचे म्हणून रंगवलेले असते!

या दोन तारखांच्या मधल्या काळात तर मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला साताऱ्यात एक मीटर उंचीच्या काठीची दुपारची सावली दक्षिणेकडे १० सेंटिमीटर. तीच २२ डिसेंबरला उत्तरेकडे ८७ सेंटिमीटर. बाराच्या ठोक्याचेही तसेच. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील वेळ दाखवतात, आणि सातारा ७४ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सातारचा मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३४ मिनिटांनी होतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, त्यामुळे त्यातही वर्षभर चढउतार होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८, तर फेब्रुवारीच्या मध्याआधी १२.४८.

हे सर्व समजायला लागते एक सरळ काठी. ती उभी आहे की नाही हे पाहायला गवंड्याकडचा ओळंबा, आणि सपाट जमीन. काठीभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे आत शिरताना शिवते तिथे खूण करावी, दुपारनंतर बाहेर पडताना शिवते तिथे दुसरी. दोन खुणांमधील कोन दुभागणारी रेषा ही उत्तर-दक्षिण रेषा, होकायंत्र नको. पद्धत जुनी आहे. सूर्यसिद्धान्तात तिचा विचार बारा अंगुळांच्या शंकूने केला आहे, आणि विषुवदिनी मध्यान्ही त्या शंकूची जी सावली पडते तिला 'पलभा' हे नाव आहे. साताऱ्याची पलभा हिशेबाने ३ अंगुळे ५० व्यंगुळे येते, सांगलीची ३ अंगुळे ३८ व्यंगुळे. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि पुढे तिथे शिकवतही होते, याची आठवण अध्यापक विद्यालयांतून फारशी कोणी काढत नाही.

काठीत आणि कार्डशीटच्या सूर्यात आम्हाला एक मूलभूत फरक दिसतो. कार्डशीटचा सूर्य आपण सरकवू तिथे जातो. शिक्षकाच्या वाक्याला तो कधी विरोध करत नाही. काठी मात्र विरोध करते, आणि शिक्षकाचाही मुलाहिजा ठेवत नाही. चित्रे आणि तक्ते टाकाऊ आहेत असे आम्ही म्हणत नाही. हृदयाचे कप्पे दाखवायला तक्ताच हवा. पण छात्राध्यापकाला दोन वर्षांत एकदाही आपल्याच साधनाने खोटे पाडले नसेल, तर वर्गातल्या मुलीने खोटे पाडल्यावर काय करायचे हे त्याला कसे कळावे?

साधनांवर आपल्याकडे खर्च झालेला नाही असे नाही. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना विज्ञानाच्या आणि गणिताच्या पेट्या मिळाल्या. अनेक ठिकाणी त्या डेडस्टॉक रजिस्टरवर चढल्या आणि कपाटात बंद झाल्या. वस्तू फुटली तर भरून कोण देणार, ही भीती खरी होती. पुढे सर्व शिक्षा अभियानात साधने बनवण्यासाठी प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळत. त्यातून कार्डशीट आणि थर्माकोल पुष्कळ आला. वस्तू कोणती घ्यावी याची चर्चा झाली, वस्तूला कोणता प्रश्न विचारावा याची कमी.

सातारा-सांगलीकडे हा प्रश्न विचारायला आणखी एक कारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग मुळात सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यांतील शाळांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. त्यांच्या वसतिगृहातली मुले शेतात आणि बांधकामावर राबत शिकत. ओळंबा म्हणजे काय हे तिथल्या विद्यार्थ्याला चित्रावरून सांगावे लागले नसते.

आज दोन्ही जिल्ह्यांत शिक्षक-प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'डाएट' आहेत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या संस्था निघाल्या. साताऱ्याची डाएट फलटणला आहे. नकाशा उघडून पाहिला तर फलटण आणि सांगली जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत: फलटण ७४.४ अंशांवर, सांगली ७४.६ च्या किंचित अलीकडे. दोन्हींच्या मध्यान्हात मिनिटभराचाही फरक नाही. अक्षांशांत मात्र सुमारे १.१४ अंशांचा फरक आहे, आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १२६ किलोमीटर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिसने अलेक्झांड्रिया आणि सायीनी या दोन गावांतील सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. त्याला मिळालेला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश होता. आपला कोन लहान आहे, पण गावांची मांडणी त्याच्यापेक्षा सरळ आहे!

विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, एक मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली फलटणला ३२.५ सेंटिमीटर पडेल आणि सांगलीला ३०.३. सावली भागिले उंची या गुणोत्तरावरून कोन काढावा. स्पर्शकाचे कोष्टक नसेल तर कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने मोजावा. दोन कोनांची वजाबाकी १.१४ अंश, म्हणून परीघ ३६० भागिले १.१४ गुणिले १२६, सुमारे ३९,८०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे.

इतके चांगले उत्तर मात्र प्रत्यक्षात पहिल्या खेपेला येणार नाही, आणि आमच्या मते इथेच या प्रयोगाची खरी किंमत आहे. दोन सावल्यांमध्ये फरक अवघा २.२ सेंटिमीटरचा. मोजण्यात अर्धा सेंटिमीटर चूक झाली, तर परीघ कधी ३२ हजार येईल, कधी ५१ हजार. शिवाय सूर्य हा बिंदू नाही; त्याची तबकडी आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापते. म्हणून मीटरभर काठीच्या सावलीचे टोक साधारण एक सेंटिमीटर धूसर असते. टोक नेमके कुठे धरायचे यावर छात्राध्यापकांत वाद होतील. होऊ द्यावेत. तोडगा असा, की काठीच्या माथ्यावर तीन मिलिमीटरचे भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवावा. जमिनीवर उजेडाचा गोल ठिपका पडतो, ती सूर्याचीच प्रतिमा असते. त्या ठिपक्याचा मध्य धरला आणि काठीची उंची भोकापर्यंत मोजली की धूसरपणाचा त्रास बराच कमी होतो. २२ डिसेंबरला प्रयोग केला तर दोन गावांतील फरक साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि आभाळही बहुधा निरभ्र मिळते.

डी.एड., मग डी.टी.एड., आता डी.एल.एड., अशी नावे बदललेल्या या अभ्यासक्रमात २०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांत किमान २० आठवडे शाळेतील आंतरवासितेसाठी आहेत. त्यातले सलग १६ आठवडे जरी एका शाळेत मिळाले, तरी दर सोमवारी मध्यान्हीची एक खूण मुलांकडून करून घेता येते. जानेवारीत सुरुवात केली तर एप्रिलअखेर सावली काठीकडे इतकी सरकलेली असते, की पुढे काय होणार हे मुलेच सांगू लागतात. सुट्टीत घरी ७ किंवा १० मेच्या सुमारास अंगणात उभे राहून पाहा, एवढा गृहपाठ पुरे.

मोजायला निघताना शाळेतली फूटपट्टी आधी नीट पाहून घ्यावी. पुष्कळ फूटपट्ट्यांवर शून्याची रेघ कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत असते. पट्टीची कड काठीला टेकवून थेट आकडा वाचला, तर ३२ हजार आणि ५१ हजारांतला घोळ तिथूनच सुरू होतो.