गवतांच्या गुणसूत्रांचा नकाशा

पानिपत परिसरातल्या गोठ्यांत मुऱ्हा म्हशींपुढे पडणारी ज्वारी-बाजरीची कुट्टी ही शास्त्रीय भाषेत गवतेच. आणि गवतांच्या जनुकांचा नकाशा हाती आला की काय साधते, याचा उत्तम दाखला हरियाणातच सापडतो.

हिसारच्या कृषी विद्यापीठाचा 'एचएचबी ६७' हा बाजरीचा संकरित वाण १९९० मध्ये आला. जेमतेम दोन महिन्यांत तयार होणारा, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्यांचा लाडका. पुढे त्याला गोसावी रोगाने गाठले. पानांच्या खालून पांढरट बुरशी येते आणि कणसात दाण्यांऐवजी पानांसारखे झुपके फुटतात.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी रोगप्रतिकारक जनुके गुणसूत्रावर नेमकी कुठे आहेत ते शोधले. त्या जागांजवळच्या डीएनए-खुणा पाहून कोवळ्या रोपांतूनच निवड करता आली. रोग पडण्याची वाट बघावी लागली नाही. सुधारित वाण २००५ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोचला.

बाजरीचे नाते हत्ती गवताशीही आहे. बाजरीत १४ गुणसूत्रे, हत्ती गवतात २८. त्यांतला निम्मा संच बाजरीच्या संचाशी जवळीक राखतो, उरलेला दुसऱ्याच पूर्वजाकडून आलेला. दोघांच्या संकरात प्रत्येकाची निम्मी, म्हणजे २१ गुणसूत्रे उतरतात. त्यांच्या नीट जोड्या जमत नाहीत, बी धरत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले जयवंत' हा याच घराण्यातला संकर. बी नसल्याने शेतकरी त्याचे ठोंब किंवा कांड्या लावतात आणि एकदा लावलेल्या गवताच्या वर्षभर कापण्या घेतात.