घरात ट्रॅम्पोलिन आणताना

दिवाळीनंतरच्या आठवड्यात चार वर्षांची एक चिमुरडी आजीच्या कडेवर बसून आमच्या नांदेडच्या दवाखान्यात आली. पायाला सूज नव्हती, कोठे खरचटलेले नव्हते, तापही नव्हता. पण उजवा पाय जमिनीला टेकवायचा म्हटले की ती किंचाळे. "चार दिवस झाले डॉक्टर, मुरगळला असंल म्हणून तेल लावून चोळायलोत," आजी म्हणाल्या. पडली होती का, असे विचारले तर म्हणाल्या, "पडली कुठं? मामाच्या घरी जंपिंगवर भावंडासंगं खेळायली होती. मधीच रडत खाली बसली."

एक्स-रे काढला. गुडघ्याच्या थोडे खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, अस्थिभंगाची बारीक रेघ दिसत होती. आजींना ते पटेना. मुलगी पडलीच नाही, मग हाड मोडेल कसे?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण हे 'जंपिंग', म्हणजे ट्रॅम्पोलिन, आता आपल्याकडे घरोघरी येऊ लागले आहे. आमची पिढी माळेगावच्या यात्रेत पाळण्यात बसून धन्य होत असे. आता घरबसल्या मोबाईलवर मागणी नोंदवली की खोकी दारात येऊन पडतात. वस्तू तशी जुनी आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉर्ज निसेन या कसरतपटूने १९३० च्या दशकात ती घडविली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तिच्यावरील कसरतींना पदकेही मिळू लागली. पण तेथे एका वेळी एकच खेळाडू उडी मारतो, आणि सभोवती प्रशिक्षक उभे असतात.

आपल्या घरी काय होते? चार भावंडे एकदम चढतात. त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटतच नाही, कारण आपला जुना खेळ झोक्याचा. पंचमीला लिंबाला दोर बांधून दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवतात. तेथे जोडीनेच मजा येते. ट्रॅम्पोलिनचे गणित मात्र उलटे आहे. समजा, पन्नास किलोचा दादा आणि पंधरा किलोची ताई एकत्र उड्या मारताहेत. दादा खाली येतो तेव्हा कापड खोल दबते आणि लगेच जोराने वर येते. नेमक्या त्याच क्षणी ताई वरून खाली येत असेल, तर मऊ कापडाऐवजी जणू वर येणारी फरशीच तिच्या तळपायावर आदळते. तो धक्का घोट्यातून नडगीत चढतो आणि गुडघ्याखाली, जेथे लहान मुलांचे हाड कोवळे असते, तेथे ते दबते किंवा तडकते. मूल पडत नाही, कोणी ढकलत नाही, पाहणाऱ्याला काही दिसतही नाही. वैद्यकीय पुस्तकांतून याला 'ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चर' असेच नाव आहे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ साली घरगुती ट्रॅम्पोलिनला विरोध केला आणि २०१२ साली तोच सल्ला पुन्हा दिला. त्यांच्या सांगण्यानुसार, सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाहून अधिक जण एकाच वेळी उड्या मारत असताना होतात आणि त्यात सर्वांत लहान मुलालाच जास्त धोका असतो.

एवढे माहीत असूनही गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी स्वतः लातूरला ट्रॅम्पोलिन जोडत बसलो होतो. आमच्या धाकट्या बंधूंनी दहा फुटी मागविले होते. मला विचारले असते तर मी 'नको' म्हटले असते, आणि हे ठाऊक असल्यामुळेच त्यांनी विचारले नाही. खोकी आल्यावर फोन आला, "दादा, आता आणलंच आहे, तर कुठं मांडू तेवढं सांग."

त्यांचा पहिला बेत गच्चीचा होता. मी साफ नकार दिला. गच्चीचा कठडा तीन फुटांचा आणि ट्रॅम्पोलिनचे कापड जमिनीपासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. म्हणजे उडी मारणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तेथे कठडा नाहीच. भोवतीची जाळी मुलाला आत ठेवण्यासाठी असते, दुसऱ्या मजल्यावरून पडणारा जीव झेलण्यासाठी नव्हे. दुसरी जागा सुचविली ती दारापुढच्या शहाबादी फरशीची. ती फरशीही बाद. शेवटी मागची मोकळी जागा ठरली. पण तेथे आपली काळी माती! पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चौकटीचा एक पाय दोन इंच खचला तरी कापड कलते आणि प्रत्येक उडी मुलाला एकाच बाजूला ढकलू लागते. म्हणून वरची माती काढून मुरूम टाकला, पाणी मारून धुमसाने चोपून घेतला आणि पातळी पाहिली. चारी बाजूंनी सहा फूट जागा मोकळी ठेवली. वर लिंबाची फांदी, कपडे वाळत घालायची तार, घरात येणारी विजेची वायर यांपैकी काही नाही याची खात्री केली. चौकट लोखंडी खुंट्यांनी जमिनीला जखडली, कारण मे महिन्यातले आपले वादळ पत्रे उडवते, तेथे ही पोकळ नळ्यांची वस्तू कितीशी टिकणार?

जोडताना स्प्रिंगा एका बाजूने ओळीने लावत जाऊ नये. समोरासमोरच्या जोड्या लावत जाव्यात, नाही तर शेवटच्या काही ओढल्या जात नाहीत. हे मी बोट चिमटल्यावर शिकलो. भावजयीने लगेच हळद आणली, आणि डॉक्टर असूनही मी ती निमूटपणे लावून घेतली. स्प्रिंगांवरची गादी पूर्ण झाकलेली हवी. जाळी स्प्रिंगांच्या आतल्या बाजूला असेल तर उत्तम. मात्र जाळी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. नडगी मोडते ती जाळीच्या आतच. आपल्या उन्हात कापड आणि जाळी दोन्ही लवकर विरतात, पावसात स्प्रिंगा गंजतात. तेव्हा वापर नसेल तेव्हा झाकून ठेवावे आणि महिन्यातून एकदा सर्व काही हाताने ओढून पाहावे.

नियम मात्र मी पुतण्यांकडून वदवून घेतले. एका वेळी एकच. कोलांटउडी बिलकुल नाही, कारण मान मोडली तर मज्जारज्जूला इजा होते आणि ती बहुधा भरून येत नाही. सहा वर्षांखालील मुलाने चढायचे नाही, आणि खेळ संपला की शिडी काढून घरात ठेवायची. मोठ्यांपैकी कोणीतरी समोर बसलेच पाहिजे. हे काम आमच्या मातोश्रींनी आनंदाने पत्करले आहे. खुर्ची टाकून त्या प्रत्येकाच्या पन्नास उड्या मोजतात. नववीतला पुतण्या मध्येच बोलण्यात गुंतवून त्यांचा आकडा चुकवायला बघतो, पण त्या चुकत नाहीत. पाच वर्षांच्या पुतणीसाठी पलीकडच्या लिंबाला झोका बांधून दिला. पहिले दोन दिवस ती फुगून बसली होती.

आता पुन्हा त्या चिमुरडीकडे वळू. उड्या मारल्यानंतर मूल पायावर भार देत नसेल, तर सूज नाही म्हणून थांबू नये आणि चोळू तर मुळीच नये. पहिल्या एक्स-रेत कधी कधी काही दिसत नाही. दुखणे राहिले तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. मूल हातावर पडले आणि कोपर सुजले, तर बोटे गार, पांढरी किंवा बधिर तर होत नाहीत ना हे पाहून तातडीने हाडांच्या डॉक्टरकडे न्यावे. तेथे रक्तवाहिनी दबण्याची भीती असते. मानेला मार लागला असेल तर मुलाला उचलून बसवू नये. मान हलू न देता आडवेच ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खेडोपाडी लेप लावून बांबूच्या कामट्या घट्ट आवळण्याची पद्धत अजून आहे. आत सूज वाढत असताना बाहेरून आवळले तर रक्तपुरवठा थांबतो, आणि साधे मोडलेले हाड बाजूला राहून हात किंवा पाय काळा पडलेला रुग्ण समोर येतो. अशी मुले मी पाहिली आहेत.

चिमुरडीला चार आठवडे प्लास्टर होते. हाड छान जुळले. या जागेचे हाड मोडले तर जुळल्यानंतरही कधी कधी पाय गुडघ्यापाशी किंचित आत वळतो, म्हणून वर्षभर अधूनमधून तपासावे लागते. मागच्या खेपेला ती आजीचा हात सोडून चालत आत आली आणि मामाने ते जंपिंग विकून टाकले, अशी तक्रार तिने माझ्याकडे केली.