गोळी नंतर, आधी बीपी!

अलिबागला ओहोटीच्या वाळूवर क्रिकेट खेळून बसलो होतो. टीममधला एक दादा हळूच म्हणाला, "अरे, ताठरताच येत नाही. मेडिकलमधून गोळी आणू?" वय ३८, रोजची सिगारेट. (त्याला विचारूनच सांगतोय.)

मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण अलर्ट म्यूट केला म्हणून सर्व्हर वाचत नाही, एवढं कळतं.

लिंगाच्या धमन्या साधारण १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४. तंबाखू, शुगर, बीपीमुळे त्यांचं आतलं अस्तर बिघडतं, नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं, धमनी नीट सैलावत नाही. बारीक पाइप आधी कुरकुरतो. हृदयाचा त्रास बऱ्याचदा दोन ते पाच वर्षांनी दिसतो. दर वेळी कारण हेच असेल असं नाही. ताण, काही औषधं, हार्मोन्सही असतात.

आणि ती गोळी? सिल्डेनाफिल मुळात हृदयाच्या छातीदुखीवरच तपासत होते! सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ती घेतली, तर बीपी जिवावर बेतेल इतकं घसरू शकतं.

म्हणून आधी डॉक्टर: बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल.

दादा गेला. बीपी १६०/१०० निघालं. त्याला ते माहीतच नव्हतं.

हे ऐकताना कोणी आठवलं? लिंक पाठवा त्याला. लाजू नका.