मिनारा मशिदीला पोहोचण्याआधी

रमजान सुरू झाला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडची चर्चा गावोगावी सुरू होते. शनिवार-रविवार साधून नाशिक, पुणे, सोलापूरकडची मंडळी मुंबई गाठतात. त्यांत रोजा धरणारे असतात, न धरणारेही असतात. मिनारा मशिदीच्या रोषणाईत फोटो, मग नल्ली निहारी, मालपुवा, मातीच्या वाटीतली फिरनी आणि पहाटेची परतीची गाडी. जीभ खूश होते, पण ज्या वस्तीत आपण जेवलो ती पाहायची राहूनच जाते.

त्यासाठी बेत थोडाच बदलावा लागतो. शनिवारी रात्रीऐवजी दुपारीच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथून पायीच महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट गाठता येते. प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची दगडी शिल्पे लॉकवूड किपलिंग यांच्या हातची; लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे ते वडील.

मंडईजवळच जामा मशीद आहे. १७७५ मध्ये सुरू झालेले तिचे काम रखडत १८०२ मध्ये पूर्ण झाले. तिच्या उभारणीत कोकणी मुस्लीम व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. खालच्या कमानी थेट पाण्यातून वर येतात आणि वजू करणाऱ्यांच्या पायाशी मासे फिरतात. नमाजाची वेळ टाळावी आणि दारावर विचारून आत जावे. त्याच शेख मेमन स्ट्रीटने झवेरी बाजारात शिरले की चार पावलांवर मुंबादेवी. शहराला नाव देणारी देवी आणि शहराची जुनी जामा मशीद एकाच बाजाराच्या गर्दीत आहेत.

मस्जिद स्टेशनच्या नावाची गोष्ट तर बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसते. हे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून नव्हे, तर ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावरून पडले, असे मानले जाते. कंपनी सरकारच्या फौजेतील बेने इस्रायली अधिकारी सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये ते बांधले आणि आसपासचे लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. बेने इस्रायल मूळचे आपल्या कोकणातले, घरात मराठी बोलणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, तेव्हा त्या दिवशी ही वास्तू बाहेरूनच पाहावी.

पुढे भेंडीबाजार. आज तिथे जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे उस्ताद छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या भावांनी घराण्याची गायकी रुजवली. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँ यांच्याकडे शिकल्या. पुढच्या पिढीतील उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनी तालीम घेतली.

एवढे फिरेपर्यंत सूर्य कलतो. मगरीबच्या अजानआधीचा अर्धा तास या रस्त्यावरचा सर्वांत शांत आणि सर्वांत घाईचा असतो. दुकानदार खजूर, कापलेली फळे, पाण्याचे पेले मांडून बसतात. कढईपुढचा कारागीर बहुधा स्वतः रोज्यात असतो. दिवसभर आगीजवळ उभा राहून तो चव न घेता मिठाचा अंदाज बांधतो. त्या अर्ध्या तासात त्याच्याकडे प्लेटसाठी घाई करू नये. अजान झाली की त्याला आधी पाणी पिऊ द्यावे. न विचारता कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नये. पाहुण्याने एवढे पाळले तर खजुराची वाटी आपणहून पुढे येते. तुमचा रोजा आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. इशा आणि तरावीहची नमाज आटोपली की गर्दीला खरा रंग चढतो आणि सहरीपर्यंत चुली विझत नाहीत.

रविवार हाजीअलीसाठी ठेवावा. भरतीच्या वेळी दर्ग्याचा रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून आधी ओहोटीची वेळ पाहावी. महालक्ष्मीचे देऊळ तिथून जवळच असल्याने अनेक जण दोन्हीकडे जाऊन येतात. रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रकही पाहिलेले बरे, नाहीतर परतीची गाडी हुकते.

या प्रवासात एक गोष्ट मात्र खटकते. फिरनीसाठी दोन-तीनशे किलोमीटर येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपल्याच गावातल्या मोहल्ल्यात इफ्तारच्या वेळी कधी गेलेले नसतात. तिथे रोषणाई कमी असेल, निहारीही नसेल. पण शाळेत एका बाकावर बसलेला मित्र तिथेच राहत असतो. त्यानेही अनेकदा बोलावलेले नसते, कारण ‘येईल की नाही’ हा संकोच त्यालाही असतो. सोमवारी मुंबईहून परतल्यावर एक फोन दोघांपैकी कुणीही करू शकतो. रोजा कधी सुटतो ते विचारायचीही गरज नाही. रमजानभर इफ्तारची वेळ वर्तमानपत्रात रोज छापून येते.