आधी मारतं काय? थंडी, तहान की भूक?

११ मार्च १९८४च्या रात्री आइसलंडच्या दक्षिणेला ‘हेलिसेय’ ही मासेमारी बोट उलटली. पाच खलाशांपैकी तिघे कसेबसे तिच्या पालथ्या तळावर चढले. बोट बुडू लागली तेव्हा तिघांनी हेमाए बेटाच्या दिशेने पोहायला सुरुवात केली. पाण्याचं तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअस. दोघे साथीदार थोड्याच वेळात दिसेनासे झाले. उरला विशीतला, सव्वाशे किलोंचा गुदलौगुर फ्रिद्थोरसन. डोक्यावरच्या सीगल पक्ष्यांशी बोलत तो पाच-सहा तास पोहत राहिला. किनाऱ्याला लागला तर समोर कडा. पुन्हा पाण्यात उतरून त्याने दुसरी जागा शोधली आणि लाव्हाच्या धारदार खडकांवरून अनवाणी चालत गाव गाठलं. वाटेत मेंढ्यांसाठी ठेवलेल्या टबमधला बर्फ फोडून पाणी प्यायला.

डॉक्टर चक्रावले. पुढे लंडनमध्ये विल्यम कीटिंग यांच्या गटाने त्याला पुन्हा बर्फगार पाण्यात बसवून तपासलं. सडपातळ माणसाचं शरीर जिथे भराभर गार पडतं, तिथे याचं तापमान तासाभरानंतरही जवळपास टिकून होतं. कारण होतं त्याच्या कातडीखालचा चरबीचा जाड थर. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं आणि चरबीतून उष्णता वाहते ती स्नायूच्या साधारण निम्म्याच वेगाने.

व्यायामाने कमावलेलं, बिनचरबीचं शरीर इथे फसतं. हातपाय मारले की स्नायूंकडे गरम रक्त धावतं आणि वर चरबीचं अस्तर नसेल तर ती ऊब थेट समुद्रात जाते. म्हणून गार पाण्यात सडपातळ माणूस पोहू लागला तर स्थिर राहण्यापेक्षा लवकर गारठतो. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यात ग्रीसचा गुबगुबीत जलतरणपटू जेसन झिरगानोस गार पाण्यात आरामात बसून राहिला, सडसडीत प्यू मात्र त्याच पाण्यात काकडले. पण गुदलौगुर नुसता जाड असता तर? तो उत्तम पोहणारा होता, दमही दांडगा होता. चरबीने त्याला वेळ मिळवून दिला, तो वेळ वापरला हातापायांनी. आपल्याकडे ‘फिट’ म्हणताना सपाट पोटच डोळ्यांसमोर येतं, त्या हिशेबात हा माणूस बसत नाही.

तहानेपुढे मात्र चरबीचा उपयोग जवळजवळ नाही. उंटाच्या मदारीत पाणी असतं ही समजूत शाळेपासून चिकटलेली, पण तिथे चरबीच असते. १०० ग्रॅम चरबी जळली की शंभर ग्रॅमहून थोडं जास्त पाणी तयार होतं हे खरं, पण ती जाळण्यासाठी जो श्वास घ्यावा लागतो त्यातून कोरड्या हवेत ते पाणी बाहेर जातं. कडक उन्हात तर चरबीचं ओझं वाहायचं, वर घामही जास्त गाळायचा.

भुकेचं गणित उलट. यकृत आणि स्नायूंमधली साखर अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम दिवसभराच्या ऊर्जेपुरती. चरबी म्हणजे शरीराची कणगी. सत्तर किलोच्या सडसडीत माणसातही दहा किलो चरबी सापडते, म्हणजे ग्रॅमला नऊप्रमाणे ९० हजार किलोकॅलरी. कागदावर हे महिना-दीड महिना पुरतं. अडचण मेंदूची. चरबीतली मेदाम्लं तो थेट वापरत नाही, म्हणून सुरुवातीचे काही दिवस स्नायूंमधली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवावं लागतं. मग यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागतं, मेंदू त्यावर चालतो आणि स्नायूंची नासाडी मंदावते. चरबी भरपूर असलेल्याचे स्नायू तुलनेने उशिरा झिजतात. स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी १९६५-६६मध्ये ३८२ दिवस अन्नाशिवाय राहिला आणि २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आला. त्याला जीवनसत्त्वं आणि क्षार दिले जात होते आणि डॉक्टरांची नजर होती. घरी हा प्रयोग करू नये, हृदय त्याआधीच बंद पडू शकतं.

चरबी आणि स्नायू, दोन्हींचा कस लागला १८४६-४७च्या हिवाळ्यात, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात बर्फात अडकलेल्या स्थलांतरितांच्या डॉनर तांड्यात. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रेसन यांनी या मृत्यूंचा हिशेब मांडला. पुरुष बायकांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात मेले. बायकांच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, स्नायू कमी, उष्मांकांची गरजही कमी. बर्फ उपसणं, वाट शोधणं अशी जड कामं मुख्यतः पुरुषांनी केली आणि त्यांची शिदोरी आधी संपली. विशी-तिशीतले धडधाकट पुरुषही पटापट गेले. पण त्यातल्या एका आकड्याला ना चरबी पुरेशी पडते ना दंड. एकटे आलेले तरुण बहुतेक मेले, मोठ्या कुटुंबासोबत असलेले जास्त काळ तगले.