कामगार संघटनांचा आवाज : कोणाचा आणि कोणासाठी?

कामगार संघटना नेमके काय करतात? अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके या प्रश्नाचे उत्तर बराच काळ एकाच प्रकारे देत आली. संघटना म्हणजे श्रमाच्या बाजारातील मक्तेदारी. ती आपल्या सभासदांचे वेतन वाढविते आणि त्याचा भार इतरांवर पडतो, असे सांगितले जाई. हार्वर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी जेम्स मेडॉफ यांच्यासह १९८४ साली ‘व्हॉट डू युनियन्स डू?’ हा ग्रंथ लिहून हे मत अमेरिकेतील आकडेवारीच्या आधारे तपासले. त्यांचे निष्कर्ष आपल्या वाचकांनी समजून घ्यावेत, असे आम्हांस वाटते.

फ्रीमन यांच्या मते संघटनेला दोन मुखे असतात. एक मक्तेदारीचे, ते त्यांनी नाकारले नाही. दुसरे मुख सामूहिक आवाजाचे. असंतुष्ट कामगारापुढे दोनच मार्ग असतात : नोकरी सोडणे किंवा बोलणे. कारखान्यातील हवा, उजेड, यंत्राची गती, अपघातापासून संरक्षण या बाबी सर्वांच्या सामाईक असतात. त्यांविषयी एकट्याने तोंड उघडले तर लाभ सर्वांना होतो, पण नोकरी त्या एकट्याची जाते. म्हणून कोणीच बोलत नाही. संघटना हा धोका वाटून घेते. जेथे संघटना आहेत तेथे कामगार नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण कमी असते आणि एकंदरीत वेतनातील विषमताही घटते, असे या अभ्यासात दिसून आले. मालकाचा नफा मात्र कमी होतो. उत्पादकतेविषयीच्या त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला.

सामाजिक धोरणाविषयीचा निष्कर्ष अधिक विचार करण्याजोगा आहे. अमेरिकन संघटनांना स्वतःचे बळ वाढविणारे कायदे करून घेण्यात फारसे यश आले नाही. सर्वसामान्यांच्या हिताच्या कायद्यांना मात्र त्यांचे पाठबळ उपयोगी पडले. वर्णभेदाविरुद्धच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामागे तेथील मध्यवर्ती कामगार महासंघ उभा राहिला. परंतु त्याच काळात कुशल कारागिरांच्या कित्येक संघटनांची दारे कृष्णवर्णीय कामगारांना बंद होती. तेव्हा संघटनेला आवाज असतो हे मान्य केले, तरी तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कितीतरी आधी विचारला होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. पण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, या कारणाने अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नसे. बंदी घालणारा केवळ मालक नव्हता. सहकारी कामगारही होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी म्हणूनच कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. यावरून ते संघटनेच्या विरोधी होते, असा अर्थ कोणी काढू नये. मजूरमंत्री या नात्याने त्यांनी १९४३ मध्ये मालकांना कामगार संघटनांची मान्यता सक्तीची करणारे विधेयक मांडले. संघटना बलवान व्हावी आणि तिच्यात सर्वांना समान स्थान असावे, या दोन्ही गोष्टी त्यांना हव्या होत्या.

अमेरिकेत १९८३ साली सुमारे २० टक्के पगारदार कामगार संघटनेचे सभासद होते. २०२४ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आले. आपल्याकडे कंत्राटी पद्धतीने तोच परिणाम निराळ्या मार्गाने घडविला आहे. कायम कामगाराची संघटना असते. त्याच्या शेजारी तेच काम करणारा कंत्राटी कामगार तिच्या बाहेर राहतो, आणि सफाईच्या कामात तो बहुधा दलितच असतो. मुंबईत अशा कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या माध्यमातून दीर्घ लढा दिला. महानगरपालिकेतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. फ्रीमन यांनी आकड्यांतून दाखविलेले सामूहिक आवाजाचे सामर्थ्य येथे प्रत्यक्ष अनुभवास आले. आपण ज्या संघटनेची वर्गणी भरतो, तिच्या सभेत सर्वांत हलके समजले जाणारे काम करणारा कामगार बसतो काय, आणि तो बोलू शकतो काय, हे प्रत्येक सभासदाने एकदा पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.